मिठामागून पाणी

"तुमच्या आईंच्या अंगात पाणी जास्त झालं आहे," असे डॉक्टर म्हणाले, तो मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. सोलापुरात पारा ४३ अंशांच्या पुढे गेला होता, उजनी धरण कधीच उण्यात उतरले होते आणि आईच्या पेठेत नळाला पाणी येऊन चार दिवस लोटले होते. जिने आयुष्यभर पिंप, घागरी, कळशा आणि तांब्याचा हंडा भरून ठेवून त्यातले पाणी जपून वापरले, जी आजही भाज्या धुतलेले पाणी तुळशीला घालते, त्या माझ्या आईच्या बाबतीत 'पाणी जास्त झाले' हे वाक्य ऐकून मी काही क्षण डॉक्टरांकडे नुसती पाहत राहिले. मी ३१ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले आहे. परासरणाचा, म्हणजे पातळ पटलातून पाणी इकडून तिकडे सरकण्याचा, पाठ किती तुकड्यांना शिकवला याची गणती नाही. तरीही त्या दिवशी त्या वाक्याचा अर्थ माझ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला, कारण तो पाठ माझ्या मनात बेदाणे आणि बटाट्याच्या फोडींपाशीच थांबलेला होता.

आई ७४ वर्षांची आहे. ती साखर पेठेतल्या जुन्या घरात राहते, मी जुळे सोलापुरात. महिन्यापूर्वी तिच्या रक्तदाबाची गोळी बदलली होती. मूत्रपिंडातून मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लावणारे औषध त्या नव्या गोळीत होते. सोबत 'मीठ कमी करा' असेही तिला सांगण्यात आले होते. आई सांगितलेले काम अर्धे करत नाही. तिने मीठ कमी न करता बंदच केले, स्वतःपुरती भाजी अळणी शिजवू लागली, आणि उन्हाने भूक मेल्यामुळे अर्धी भाकरी आणि दोन-तीन वेळा चहा एवढ्यावर दिवस काढू लागली. डोके जड वाटते, मळमळते, असे ती फोनवर म्हणाली तेव्हा मी तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली : "ऊन फार आहे आई, तू पाणी पीत राहा." तिने तेही मनापासून पाळले. मंगळवारी सकाळी मी तिच्याकडे गेले तेव्हा तिने मला माझ्या दिवंगत मावशीच्या नावाने हाक मारली आणि विचारले, "मिलचा भोंगा झाला का गं? डबा भरायचाय." आमच्या शहरातला तो भोंगा बंद होऊन कित्येक वर्षे झाली आहेत. ज्यांच्यासाठी ती डबा भरत असे, ते माझे वडीलही आता नाहीत.

रक्ताच्या तपासणीत सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, ११४ आले. ते १३५ ते १४५ या दरम्यान असायला हवे.

सोलापूरकर माणूस पाणी नेहमी संख्येत मोजतो. किती दिवसांआड आले, किती वेळ आले, किती घागरी भरल्या आणि उजनी किती टक्के झाली, हे चार आकडे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. उजनीचा हिशेब तर बाहेरगावच्या पाहुण्याला समजावूनच सांगावा लागतो. धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी असली, तरी त्यातले सुमारे ६४ टीएमसी हा मृतसाठा आहे, आणि टक्केवारी त्याच्या वरच्या उपयुक्त साठ्यावर काढली जाते. म्हणून उन्हाळ्यात 'उजनी उणे वीस टक्के' अशी बातमी येते आणि कोणालाही ती विचित्र वाटत नाही. या सवयीमुळे शरीरातले पाणीही आपण टाकीतल्या पाण्यासारखे मनात धरतो : कमी झाले की ओतायचे, ओतले की भरले. शरीराचा हिशेब मात्र निराळा आहे. पाणी किती आहे यापेक्षा, त्या पाण्यात काय आणि किती विरघळले आहे, हे प्रत्येक पेशी अहोरात्र पाहत असते. आईच्या आजारपणात मला हा फरक जितका खोलवर कळला, तितका तो ३१ वर्षांच्या अध्यापनात कळला नव्हता.

हा फरक विज्ञानाच्या ध्यानात आला तो एका साध्या प्रयोगातून. १७४८ मध्ये फ्रान्समधल्या ज्याँ-आंत्वान नोले यांनी मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या पातळ कातडीने घट्ट बांधले आणि ते भांडे पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी कातडी बाहेरच्या बाजूने टरारून फुगली. पाणी कातडीतून आत शिरले होते, पण आतला मद्यार्क तेवढ्या सहजपणे बाहेर येऊ शकला नव्हता. पुढे १८२० च्या दशकात आँरी द्युत्रोशे यांनी या प्रवाहाचा नेटाने अभ्यास करून त्याला नाव दिले, आणि त्यातूनच 'ऑस्मॉसिस' हा शब्द रूढ झाला. त्याच्या मुळाशी ढकलणे या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत याला परासरण म्हणतात, पण मराठी विश्वकोशाने योजलेला शब्द मला फार आवडतो. तो शब्द आहे तर्षण. 'तृष्' म्हणजे तहान लागणे, आणि तृष्णा हाही त्याच धातूतला शब्द. ग्रीक शब्दाला ढकलणारे पाणी दिसले, तर आपल्या शब्दाला तहानलेले द्रावण दिसले. ज्याने कोणी हा शब्द घडवला, त्याने तहान आणि पेशीपटल यांचे नाते एकाच शब्दात बांधून ठेवले आहे.

खरे तर हा प्रयोग आई दर मे महिन्यात घरीच करत असे. लोणच्यासाठी कैरीच्या फोडी करून, त्यांना मीठ-हळद चोळून ती परात रात्रभर झाकून ठेवी. सकाळी फोडी मऊ पडलेल्या असत आणि परातीत दोन बोटे पाणी सुटलेले असे. घोटभर पाणीही वरून घातलेले नसताना हे पाणी कुठून आले, असे मी लहानपणी विचारले तेव्हा ती म्हणाली होती, "मीठ पाणी ओढतं." लोणचे वर्षभर टिकते त्यामागेही हेच आहे. फोडींवर जे जंतू वाढू पाहतात, त्यांच्याही पेशींतले पाणी मीठ असेच काढून घेते.

आईच्या वाक्यात शास्त्राच्या दृष्टीने थोडी दुरुस्ती करावी लागते, आणि ती दुरुस्ती मला महत्त्वाची वाटते. मिठाला हात नसतात. पाण्याचे रेणू पटलाच्या दोन्ही बाजूंनी अखंड ये-जा करत असतात. ज्या बाजूला क्षार, साखर किंवा आणखी काही विरघळलेले असते, त्या बाजूच्या पाण्याची निसटून जाण्याची प्रवृत्ती कमी होते. त्यामुळे तिकडून इकडे कमी रेणू येतात, इकडून तिकडे जास्त जातात, आणि एकूण हिशेबात पाणी मिठाच्या बाजूला सरकते. पटलातून आरपार जाऊ न शकणाऱ्या कणांची संख्या जिकडे जास्त, तिकडे पाणी. ते कण मिठाचे, साखरेचे की प्रथिनाचे, याच्याशी पाण्याला जवळजवळ देणेघेणे नसते. ते केवळ कणांची संख्या पाहते. या दाबाचे गणित १८८० च्या दशकात याकोबस व्हान्ट हॉफ यांनी मांडले. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये त्यांना मिळाले, तेव्हा गौरवपत्रात या कामाचा उल्लेख होता.

त्या गणितातून जो आकडा निघतो, तो मी वर्गात कधी सांगितला नाही याची आता खंत वाटते. आपल्या रक्तद्रवाच्या प्रत्येक किलोग्रॅम पाण्यात विरघळलेले कण साधारण २७५ ते २९५ मिलिऑस्मोल भरतात (मिलिऑस्मोल हे विरघळलेल्या कणांची संख्या मोजण्याचे एकक). एका बाजूला असा द्रव आणि दुसऱ्या बाजूला शुद्ध पाणी ठेवून मध्ये फक्त पाणीच जाऊ देणारे आदर्श पटल ताणले, तर त्या पटलावर येणारा दाब पाऱ्याच्या सुमारे ५,५०० मिलिमीटर एवढा भरेल. आईचा रक्तदाब १६० झाला म्हणून आम्ही घाबरून गोळी बदलली होती. पेशीच्या दारात मात्र साडेपाच हजारांची ताकद सदैव उभी असते. पाण्याच्या भाषेत सांगायचे, तर ७० मीटरपेक्षा उंच पाण्याच्या स्तंभाचा हा भार आहे. वनस्पतीच्या पेशीला बाहेरून भक्कम भित्तिका असते, त्यामुळे ती फुगून टणक होते आणि तिथेच थांबते. आपल्या पेशीभोवती केवळ स्निग्ध पदार्थांचे, रेणूंच्या दोन थरांचे अतिपातळ आवरण आहे. एवढा दाब अडवणे त्याला कधीच शक्य नाही. तांबड्या पेशी शुद्ध पाण्यात टाकल्या की फुगून फुटतात, त्या यामुळेच. आणि म्हणूनच शिरेतून कधीही साधे पाणी देत नाहीत. लिटरमागे ९ ग्रॅम मीठ घातलेले सलाईन देतात, त्याचे कणांचे माप रक्ताच्या जवळपास असते.

जे अडवता येत नाही, त्याचे कारणच निर्माण होऊ द्यायचे नाही, असा मार्ग आपल्या पेशींनी धरला आहे. पेशीच्या आत प्रथिने आणि इतर मोठे रेणू अडकलेले असतात, त्यांच्यामुळे पाणी सतत आत येऊ पाहते. तोल राखण्यासाठी पेशी सोडियम अखंड बाहेर काढत राहते. पटलात बसवलेला एक पंप दर फेरीला सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आयन आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करताना तो शोधला, १९५७ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यांना त्याबद्दलचे नोबेल १९९७ मध्ये मिळाले. स्वस्थ पडून राहिलेल्या माणसाच्या शरीरात खर्च होणाऱ्या शक्तीचा साधारण पाचवा हिस्सा हे पंपच घेतात. आपण झोपलो असतानाही सगळ्या पेशी घरात शिरणारे पाणी उपसत असतात, असे मी पूर्वी मुलांना सांगायची. ते चुकीचे होते. त्या पाणी उपसत नाहीत, मीठ उपसतात, आणि पाणी त्या मिठामागून आपोआप जाते. साऱ्या प्राणिसृष्टीत पाणी थेट ओढणारा पंप सापडलेला नाही. पाणी हलवायचे असेल तर आधी क्षार हलवावे लागतात.

पाण्याची वाट मात्र वेगळी सापडली, आणि तीही अगदी अलीकडे. स्निग्ध आवरणातून पाणी हळूहळू झिरपते हे ठाऊक होते, पण तांबडी पेशी किंवा मूत्रपिंडाची नलिका ज्या वेगाने पाणी ये-जा करू देते, तो वेग नुसत्या झिरपण्याने जुळत नव्हता. अमेरिकेतल्या पीटर अ‍ॅग्रे यांना १९८० च्या दशकात तांबड्या पेशींच्या पटलात, दुसरेच काही शोधताना, एक अनोळखी प्रथिन सापडले. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने ते प्रथिन घडवण्याचा जनुकीय संदेश बेडकाच्या अंड्यांत सोडला आणि ती अंडी सौम्य द्रावणात ठेवली. एरवी तशा द्रावणात निर्धास्त राहणारी अंडी पाहता पाहता फुगली आणि फुटली. पाण्याचा दरवाजा सापडला होता, त्याचे नाव अ‍ॅक्वापोरिन. अशा एका दरवाजातून सेकंदाला सुमारे ३ अब्ज पाण्याचे रेणू एका ओळीत जाऊ शकतात, पण त्या पाण्याच्या सोबतीने हायड्रोजनचा साधा आयनही निसटू शकत नाही. २००३ चे नोबेल अ‍ॅग्रे यांना याच शोधासाठी मिळाले. मी पदवी घेतली तेव्हा हे कोणत्याही पुस्तकात नव्हते, आणि नंतर ते आले तेव्हा मी चार ओळींची टिपण घेऊन पुढे गेले.

पाण्याला दरवाजे मोकळे आणि क्षारांवर पहारा, या व्यवस्थेमुळे शरीरातले पाणी दोन खोल्यांत वाटले जाते. ७० किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या अंगात साधारण ४२ लिटर पाणी असते. त्यातले २८ लिटर पेशींच्या आत आणि १४ लिटर पेशींच्या बाहेर. आपण रक्त म्हणून ज्याची काळजी करतो, त्यातला पाण्याचा भाग या ४२ लिटरपैकी जेमतेम ३ लिटर आहे. आतल्या खोलीचे पाणी पोटॅशियमच्या भरवशावर, बाहेरच्या खोलीचे सोडियमच्या. आई ४८ किलोची, वयाने पाण्याचा वाटाही कमी झालेला, तेव्हा तिच्या अंगात एकूण २२-२३ लिटर पाणी असावे. बाहेरच्या खोलीतले सोडियम कमी होत गेले, वरून पाणी येत राहिले, ते पाणी पातळ झाले, आणि मग जिकडे कण जास्त तिकडे, म्हणजे पेशींच्या आत, ते सरकू लागले. हातापायांच्या पेशी थोड्या फुगल्या तर जागा असते. मेंदू कवटीत आहे. त्याला फुगायला जागा नाही. मावशीचे नाव, मिलचा भोंगा, डबा भरण्याची घाई, हे सगळे त्या फुगलेल्या पेशींमधून येत होते.

याच्या नेमके उलट चित्र मी मामांच्या शेतात लहानपणापासून पाहिले आहे, पण त्यालाही मी कधी परासरण म्हटले नव्हते. उजनीचा कालवा आला, उसाला पाणी सुटले, आणि काही वर्षांत खोलगट रानात जमिनीवर पांढरा थर दिसू लागला. क्षारपड झालेल्या त्या तुकड्यात ओल असते, मूठभर माती दाबली तर हाताला लागते, तरीही पीक दुपारी मान टाकते. "पाण्यात उभं राहून तहानेनं मरतंय बघ," असे मामा म्हणत. मुळांच्या पेशींपेक्षा मातीतल्या पाण्यात क्षार जास्त झाले की पाणी मुळात शिरत नाही. मामांनी आणखी पाणी सोडून पाहिले, आणि बाष्पीभवनाने क्षार आणखी वर आले. तिथे खरा उपाय चर काढून निचरा करणे हा होता. क्षार वाहून जायला वाट दिल्याशिवाय त्या रानातले पाणी पिकाच्या उपयोगाचे होणार नव्हते.

शरीरात हा निचरा मूत्रपिंडे करतात, आणि त्यांना आज्ञा देतो तो मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक. तिथल्या काही पेशी स्वतः आकसतात किंवा फुगतात, आणि त्यावरून रक्तातल्या कणांचे माप ओळखतात. हे माप एक-दोन टक्क्यांनी जरी वाढले तरी दोन गोष्टी घडतात : तहान लागते, आणि व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक रक्तात सुटते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक भाग सोडियम परत ओढून घेताना त्याच्या मागोमाग परत येतो. शेवटच्या नलिकांमध्ये मात्र निर्णय व्हॅसोप्रेसिनचा असतो. ते आले की नलिकेच्या पेशी आत साठवलेले पाण्याचे दरवाजे पृष्ठभागावर आणून बसवतात, पाणी शरीरात परत जाते आणि लघवी दाट, पिवळी होते. ते नसले की दरवाजे मिटतात आणि लघवी पाण्यासारखी पातळ होते. कणांचे माप ५० पासून १,२०० पर्यंत कुठेही नेण्याची ही विलक्षण क्षमता आहे. मे महिन्यातल्या सोलापूरच्या दुपारी, एखादी विडी वळणारी बाई सकाळपासून दोन तांब्यांवर काम करत राहते, ती या दरवाजांच्या जोरावर.

या क्षमतेला दोन मर्यादा आहेत, आणि आई दोन्हींत सापडली. पहिली म्हणजे, मूत्रपिंड कितीही प्रयत्न केला तरी निव्वळ पाणी बाहेर टाकू शकत नाही. लघवीतून पाणी जायचे तर सोबत थोडे तरी कण जावे लागतात, आणि ते कण आपल्या जेवणातून, म्हणजे मिठातून आणि प्रथिनांतून येतात. नीट जेवणाऱ्या माणसाकडे दिवसाला ६०० मिलिऑस्मोल कण टाकायला असतील आणि मूत्रपिंड लिटरमागे ५० इतकी पातळ लघवी करू शकत असेल, तर १२ लिटर पाण्याची विल्हेवाट लागते. अर्धी अळणी भाकरी आणि चहा यांवर राहणाऱ्या आईकडे हे कण २०० देखील असतील-नसतील. दुसरी मर्यादा त्या गोळीने आणली होती. नलिकेच्या ज्या भागात लघवी पातळ होते, नेमका तिथला सोडियमचा परतीचा रस्ता ते औषध अडवते. लघवी १५० च्या खाली पातळ होत नसेल, तर २०० कणांसोबत जेमतेम सव्वा-दीड लिटर पाणी बाहेर पडणार. घामातून काही पाणी जात होते, पण त्याच्यासोबत मीठही जात होते. आणि मी तर तिला दिवसाला चार-चार तांबे पाणी प्यायला लावले होते.

मग मला अण्णांची, माझ्या वडिलांची, आठवण झाली. ते मिलमध्ये मागावर होते. सूत तुटू नये म्हणून विणाईखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत. बाहेरची कोरडी हवा निदान घाम वाळवते. आतमध्ये तो वाळायचाच नाही, नुसता ओघळायचा. पाळी संपवून ते घरी येत तेव्हा त्यांच्या बनियनवर पाठीमागे पांढऱ्या कडा उमटलेल्या असत. आई ते बनियन भिजवताना म्हणायची, "अंगातलं मीठ आलंय बघ सगळं." रात्री त्यांच्या पोटऱ्यांत गोळे येत आणि ते उठून बसत. त्यावर आजीचा उपाय ठरलेला होता : ज्वारीच्या पिठाची आंबील, ताक घालून, ठेचलेली लसूण आणि हाताला सैल सोडून घातलेले मीठ. पुढे वाचताना कळले की १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या खोल, उष्ण कोळसा खाणींत कामगारांना असेच गोळे येत, आणि ते पाणी कमी प्यायल्यामुळे नसून घामात मीठ गेल्यावर नुसते पाणी प्यायल्यामुळे येतात, असे के. नेव्हिल मॉस यांनी १९२३ मध्ये दाखवून दिले. पाण्यात थोडे मीठ घालून दिले की गोळे थांबत. आजीने हे कुठे वाचले नव्हते. आपल्याकडच्या बायकांनी असे किती तरी ज्ञान चुलीपाशी सांभाळले आणि आम्ही शिकलेल्यांनी ते पथ्याच्या एका ओळीखाली पुसून टाकले, असे मला वाटते आणि त्याचे वाईट वाटते. रक्तदाबाच्या रुग्णाने मीठ कमी खाणे योग्यच आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. 'कमी' म्हणजे किती, आणि उन्हाळ्यात, या गोळीसोबत, या वयात किती, हे मात्र कोणीतरी समोर बसून सांगायला हवे होते. ते कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

आंबिलीतले मीठ आणि पीठ एकत्र का हवे, याचे उत्तर लहान आतड्यात आहे. पीठ पचले की त्याचे ग्लुकोज होते, आणि तिथल्या पेशींच्या पटलात एक असा वाहक आहे जो ग्लुकोज आणि सोडियम दोघांना जोडीनेच आत घेतो, एकट्याला घेत नाही. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग इथे ही कल्पना मांडली. या जोडीमागून पाणी येते. कॉलऱ्यामध्ये आतडे पाण्याने वाहत असतानाही हा वाहक शाबूत राहतो. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तियुद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले, बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. ३० टक्क्यांच्या घरातला मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला. त्यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. आजची जलसंजीवनीची (ओआरएस) पुडी एक लिटरमध्ये विरघळवली की कणांचे माप २४५ भरते, रक्तापेक्षा किंचित कमी, म्हणजे पाणी आतड्याकडून रक्ताकडे सरकेल असे. ती पुडी अर्ध्या लिटरमध्ये कालवली की माप दुप्पट होते आणि प्रवाह उलटू शकतो, म्हणून पुडीवरचे माप पाळायला हवे. घरोघरी ते पाळले जात नाही, हे मी शेजारीपाजारी पाहिले आहे.

आईच्या बाबतीत उपाय सोपा वाटत होता : मीठ कमी पडले, तर मीठ द्यायचे. मी डॉक्टरांना तसे म्हणालेही. ते म्हणाले, "द्यायचं, पण घाई केली तर फार मोठं नुकसान होईल." मग त्यांनी सांगितले ते मला नवीन होते. सोडियम हळूहळू उतरत असताना मेंदूच्या पेशी स्वस्थ बसत नाहीत. फुगण्यापासून वाचण्यासाठी त्या दोन-तीन दिवसांत स्वतःच्या आतले पोटॅशियम आणि इतर लहान रेणू बाहेर टाकून देतात, म्हणजे आपलेही माप उतरवून घेतात. हे करून त्यांनी नव्या, पातळ परिस्थितीशी जुळवून घेतलेले असते. अशा वेळी बाहेरचे मीठ एकदम वाढवले, तर पाणी त्यांच्यातून झपाट्याने बाहेर येते, पेशी आकसतात आणि मज्जातंतूंवरचे वेष्टण उसवते. ते नुकसान बरेचदा भरून येत नाही. म्हणून तीन टक्के मिठाचे सलाईन अगदी थोडे, मोजून द्यायचे, सोडियम २४ तासांत ८ पेक्षा जास्त वाढू द्यायचे नाही, ती गोळी बंद करायची, आणि पिण्याचे पाणी दिवसाला ८०० मिलिलिटरवर आणायचे.

मे महिन्यात, ४३ अंशांत, आपल्या आईच्या हातातला पाण्याचा पेला काढून घेणे किती कठीण असते, हे मी त्या दिवसांत शिकले. ती "पाणी दे गं" म्हणे आणि मी ओल्या फडक्याने तिचे ओठ पुसत असे. खाटेशेजारी मी अर्ध्या लिटरची बाटली ठेवली होती आणि तिच्यावर पेनाने रेघा मारल्या होत्या. दर सहा तासांनी रक्त घेत आणि मी आकड्याची वाट पाहत बसे : ११४, ११६, ११९, १२१. पहिल्या दिवशी आकडा वाढला की मला आनंद होई. दुसऱ्या दिवसापासून तो फार लवकर तर वाढत नाही ना, याची धास्ती वाटू लागली. एकदा लघवीची पिशवी अचानक भरू लागली तेव्हा परिचारिकेने धावत जाऊन डॉक्टरांना बोलावले. मूत्रपिंडांनी दरवाजे मिटले होते आणि साठलेले पाणी एकदम सुटले होते. आकडा उडी मारू नये म्हणून त्या रात्री त्यांनी तिला उलट थोडे पाणी पाजायला लावले. तिने तो पेला दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून, एका दमात संपवला.

चौथ्या दिवशी पहाटे मी खुर्चीतच पेंगत होते. सोडियम १२९ झाले होते. आई उठून बसली, तिने पदर सारखा केला, खिडकीकडे पाहिले आणि मला माझ्या नावाने हाक मारली.

"आज पाण्याचा दिवस ना गं?" ती म्हणाली. "पिंप रिकामं पडलंय. घरी जाऊन नळाखाली घागर तरी लाव."